ॲलेक रीव्हज: आवाजाचे आकडे करणारा माणूस (आणि आकडाच चुकला तर?)

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवता ना? तुमचा आवाज माइकमध्ये शिरला की आधी त्याची वीज होते आणि मग फोनमधली चिप त्या विजेचे आकडे करते. हे काम करणाऱ्या भागाला ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, थोडक्यात एडीसी म्हणतात. आज मी ज्यांच्याबद्दल सांगतोय, त्यांनी ही कल्पना १९३८ मध्येच पेटंट केली होती. तेव्हा ट्रान्झिस्टरसुद्धा नव्हता!

खरखरीचा वैताग

ॲलेक रीव्हज यांचा जन्म १९०२ चा, इंग्लंडमधल्या रेडहिल गावचा. इंजिनिअर झाल्यावर ते टेलिफोनच्या धंद्यात आले. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओवरून फोन कसा जोडायचा, यावर त्यांनी काम केलं. पुढे ते पॅरिसला आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले.

तिथे त्यांना एक प्रश्न छळत होता. लांबच्या लाइनवर आवाज बारीक होतो, म्हणून वाटेत ॲम्प्लिफायर लावतात. पण ॲम्प्लिफायर आवाजाबरोबर खरखरही वाढवतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की शेवटी अक्षरं वाचता येत नाहीत, तसंच.

रीव्हज यांनी वेगळा विचार केला. आवाजाचा आकार पाठवायचाच नाही, त्याचं माप पाठवायचं. त्यांच्या पेटंटमध्ये आवाज सेकंदाला ६,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक माप ३२ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचं. ३२ पायऱ्यांना ५ बिट पुरतात. मग तारेवरून फक्त ठोके जाणार: ठोका आहे किंवा नाही. खरखर असली तरी एवढं ओळखता येतं, आणि पुढच्या स्टेशनवर नवा कोरा ठोका तयार करता येतो. यालाच पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजे पीसीएम म्हणतात.

काळाच्या फार पुढे

अडचण एकच होती. व्हॉल्व्हच्या जमान्यात हे यंत्र अवाढव्य आणि महाग पडत होतं. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि रीव्हज यांना पॅरिस सोडून इंग्लंडला परतावं लागलं. तिथे त्यांनी बॉम्बर विमानांना अचूक लक्ष्यावर नेणारी 'ओबो' ही रेडिओ यंत्रणा उभी करण्यात मोठा वाटा उचलला.

पीसीएमवर चालणारी फोनसेवा अमेरिकेत १९६२ मध्ये सुरू झाली. तोवर पेटंटची मुदत संपली होती. १९६९ मध्ये ब्रिटिश पोस्टाने पीसीएमवर तिकीट काढलं. १९७१ मध्ये रीव्हज गेले.

आता खरी गोम

ॲनालॉग बिघडलं की खरखर ऐकू येते. आकडा बिघडला की तो तेवढाच खरा दिसतो.

मी बीड जिल्ह्यातला, म्हणून उदाहरण घरचंच घेतो. परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलरचं तापमान, वाफेचा दाब असं सगळं आकड्यांत बदलूनच कंट्रोल रूममध्ये पोचतं. आणि एडीसी तपासायचा म्हणून संच बंद ठेवता येत नाही.

समजा, रीव्हज यांच्या ५ बिटच्या एडीसीत ८ किमतीचा बिट कायमचा शून्यावर अडकला. मग १३ चे ५ दिसणार, २७ चे १९ दिसणार. पण ५ आणि १९ मात्र बरोबरच दिसणार, कारण त्यांच्यात ८ चा बिट लागतच नाही. म्हणजे ३२ पैकी १६ आकडे अगदी बरोबर! नेमका तेव्हा तपासलात तर एडीसी ठणठणीत वाटेल.

चालू कामात चोर कसा पकडायचा?

१. ओळखीचं व्होल्टेज: खऱ्या मापांच्या मधेमधे एडीसीला आधीच माहीत असलेलं व्होल्टेज मोजायला द्यायचं. एक नको, निदान दोन हवीत. ५ बिटमध्ये १० म्हणजे ०१०१० आणि २१ म्हणजे १०१०१. या दोघांत मिळून प्रत्येक बिट एकदा शून्य आणि एकदा एक होतो, त्यामुळे अडकलेला बिट सुटत नाही.

२. जोडीदार: तेच माप दोन एडीसींनी घ्यायचं. फरक पडला की काहीतरी बिघडलंय. कोण चुकतंय हे कळायला तिसरा लागतो.

३. अक्कलहुशारी: बॉयलरचं तापमान क्षणात २०० अंशांनी उडी मारत नाही. उलट आकडा तासन्‌तास तसूभरही हलला नाही, तरी संशय घ्यायचा, कारण खरं माप थोडं तरी थरथरतं.

एक सावधगिरी बाळगा. एडीसी ज्या संदर्भ व्होल्टेजशी तुलना करतो, त्यावरूनच ओळखीचं व्होल्टेज घेतलं तर दोघं मिळून चुकतात. तराजू त्याचाच आणि वजनंही त्याचीच, मग माप कोण धरणार?

तुम्ही करून बघा

कापसाच्या शेतासाठी आर्डुइनो उनोवर मातीचा ओलावा मोजताय? मग ३.३ व्होल्टच्या पिनवरून एक वायर रिकाम्या ॲनालॉग पिनला जोडा. बोर्डाला ५ व्होल्ट नीट मिळत असतील तर आकडा ६७५ च्या आसपास येतो. मग तीच वायर ग्राउंडला लावून बघा, शून्य यायला हवं. आकडे भलतेच आले, तर पाण्याची मोटार चालू करण्याआधी बोर्ड आणि त्याचा वीजपुरवठा तपासा.

रीव्हज यांनी आकड्याला वाटेतल्या खरखरीपासून वाचवलं. पण तो जन्मतःच चुकीचा असेल, तर पुढची सगळी वाट ती चूक जशीच्या तशी, अगदी स्वच्छ पोचवते. म्हणून तपासणी आकडा जिथे तयार होतो तिथेच हवी, आणि तीही काम चालू असताना.