कवळाण्याचा गोपाळ लंडनच्या पेपरात कसा झळकला?

जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर असा घाटरस्ता धरला की आपण नाशिकला पोहोचतो. याच नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या बाजूला कवळाणे नावाचं गाव आहे. ११ मार्च १८६३ ला तिथं काशीराव गायकवाडांच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं गोपाळराव.

आडनाव बडोद्याच्या राजांचं असलं तरी ही शाखा दूरची होती. घरी शेती होती आणि शाळेशी संबंध नावापुरताच.

मग उजाडलं १८७५ साल. बडोद्याचे महाराज मल्हारराव यांच्यावर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप होता. चौकशी आयोगाचं एकमत झालं नाही, तरीही इंग्रजांनी एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं. आता वारस कोण?

दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुलं बडोद्याला आणली गेली. आख्यायिका अशी की, इथं कशाला आलास असं विचारल्यावर गोपाळनं बेधडक सांगितलं, राज्य करायला! २७ मे १८७५ ला तो दत्तक गेला आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. आधी मुंबईत आणि मग बडोद्यात १२ वर्षांच्या महाराजांची त्याच्याशी भेट झाली. दौऱ्यासोबत लंडनच्या सचित्र साप्ताहिकांचे चित्रकारही होते. हिऱ्या-मोत्यांनी मढलेला हा छोटा राजा लंडनच्या वाचकांसमोर गेला तो त्यांच्यामुळेच.

तेव्हा फोटो थेट पेपरात छापता येत नसे. फोटो किंवा रेखाटन कठीण लाकडाच्या ठशावर उलटं उतरवायचं, मग कारागीर बारीक हत्यारांनी ते कोरायचे. पांढरी दिसायला हवी ती जागा खोदून काढायची, काळी रेघ उंच ठेवायची. चित्र मोठं असेल तर ठशाचे तुकडे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे आणि शेवटी ते जोडायचे. असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांसोबतच छापता यायचा, म्हणून चित्रं घरोघरी पोहोचत.

या चित्रांत दागिने, पगडी आणि अंबारी ठळक दिसायची. नुकताच एक राजा पदच्युत केलेल्या इंग्रजांना, बडोद्यात सगळं आलबेल आहे हे दाखवायला असा बालराजा सोयीचाच होता. पण काही महिन्यांपूर्वीपर्यंत हे पोर शेतात हिंडत होतं, हे त्या चित्रांत कुठं दिसणार?

खरी परीक्षा पुढं होती. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली सयाजीराव मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकू लागले. राज्याचा कारभार तोवर दिवाण टी. माधवराव पाहत होते. २८ डिसेंबर १८८१ ला सगळे अधिकार सयाजीरावांच्या हाती आले.

उशिरा अक्षरं गिरवलेल्या या राजानं १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू झाला, मुलींनाही. १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा आला. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले, तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर.

६ फेब्रुवारी १९३९ ला सयाजीराव गेले. बालपणी त्यांची चित्रं छापली गेली ती अंगावरच्या दागिन्यांसाठी. आज मात्र लोकांना आठवतात त्यांच्या शाळा, त्यांची वाचनालयं आणि त्यांचं नाव लावणारं बडोद्याचं विद्यापीठ.

म्हणूनच जुन्या पुस्तकात एखाद्या राजपुत्राचं कोरीव चित्र दिसलं, तर दागिन्यांवरच थांबू नका. तो मुलगा मोठा होऊन काय करून गेला, तेही शोधा.