नरसी ते घुमान: पायी फिरणाऱ्या संत नामदेवांचा वाटाड्या कोण होता?

आज लांबच्या पायी प्रवासाला निघताना आपण आधी एखादं चांगलं गाइडबुक शोधतो. संत नामदेवांच्या काळात वाट कळायची ती सोबत्यांकडून.

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जन्म १२७० चा, घर शिंप्याचं. वडील दामाशेटी, आई गोणाई. नामदेव रमले ते पंढरपुरात, विठ्ठलापाशी. तिथून त्यांना तीर्थयात्रेला बाहेर काढलं ज्ञानेश्वरांनी. ही यात्रा ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आहे. पण त्यात कोस आणि मुक्काम शोधू नका. त्यात महत्त्वाचा आहे तो दोघांचा संवाद.

दुसरे वाटाडे हिंगोलीतच भेटले. औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते, असं परंपरा सांगते. पाय उचलून ठेवायला देव नसलेली जागा नामदेवांना सापडेना. त्यांनी विसोबांना गुरू केलं.

१२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. सोबती गेला, तरी नामदेव पंढरपुरातच थांबले नाहीत. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि तिथे बरीच वर्षं राहिले. त्यांचं निधन १३५० चं मानतात. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आजही गायली जातात.