पाण्याला हिशेब लावणारे दारा खुरोडी

छत्रपती संभाजीनगरात पहाटे दुकानांच्या दारात दुधाचे क्रेट उतरतात, तेव्हा त्यातील अनेक पिशव्यांवर 'टोन्ड' हा शब्द छापलेला असतो. चहापासून लहान मुलांच्या पेल्यापर्यंत हे दूध घरोघरी वापरले जाते. परंतु हा शब्द कोठून आला, हे विचारले तर फारसे कोणी सांगू शकणार नाही. तो मुंबईत 1946 मध्ये रूढ झाला आणि त्याचे जनक होते दारा नसरवानजी खुरोडी. ज्या काळात दुधात पाणी घालणे म्हणजे निव्वळ लबाडी मानली जात होती, त्या काळात या पारशी अधिकाऱ्याने सरकारी देखरेखीखाली, उघडपणे आणि हिशेबाने दुधात पाणी घातले. या पाण्याला जोड होती ती दुधाच्या भुकटीची.

खुरोडी यांचा जन्म 2 जानेवारी 1906 रोजी महू येथे झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मस्थान म्हणून मराठवाड्याला या छावणीच्या गावाचे नाव चांगलेच परिचित आहे. बंगळूर येथील सरकारी संस्थेत दुग्धव्यवसायाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे खासगी आणि नंतर सरकारी नोकरी केली. त्या काळी या विषयाची पदविका घेणारे तरुण थोडेच होते. पुढे मुंबई सरकारचे दूध आयुक्त म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईतील दुधाची अवस्था शोचनीय होती. भर वस्तीतील तबेल्यांत हजारो म्हशी दाटीवाटीने बांधलेल्या असत. म्हैस आटली की तिला पोसणे परवडत नसे आणि चांगल्या जातीची जनावरेही कसायाकडे जात. दूध महाग होते, त्यात नळाचे वा विहिरीचे पाणी मिसळलेले असे आणि ते पाणी स्वच्छ असेल याचा भरवसा नव्हता. गिरणगावातील कामगाराच्या मुलाला मिळणाऱ्या दुधात नेमके किती दूध आहे, हे विकणाऱ्या गवळ्यालाच ठाऊक!

या प्रश्नाला खुरोडी यांनी जे उत्तर शोधले, ते अंकगणिताचे होते. म्हशीच्या दुधात साधारण 7 टक्के स्निग्धांश आणि 9 टक्के स्निग्धेतर घनपदार्थ, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार असतात. नुसते पाणी घातले तर हे सारेच पातळ होते. मात्र पाण्याबरोबर स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली, तर प्रथिने आणि कॅल्शियम पुन्हा भरून निघतात. अशा 100 किलो दुधात सुमारे 11 किलो भुकटी आणि 122 किलो पाणी मिसळले की 3 टक्के स्निग्धांश व साडेआठ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असलेले सुमारे 233 किलो दूध तयार होते. प्रथिनांच्या बाबतीत ते गायीच्या दुधाच्या बरोबरीला येते आणि दरही सामान्य माणसाच्या आवाक्यात राहतो. सायीच्या दुधावर वाढलेल्या घरांना ते पचनी पडायला वेळ लागला. पण ज्या घरात दुधाचा रतीबच नव्हता, तिथे हा वाद निरर्थक होता.

दुधाची भुकटी म्हणजे निकस अन्न, हा समज आजही सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दूध वाळवताना मुख्यतः पाणी निघून जाते. स्निग्धांशासह वाळवलेल्या 100 ग्रॅम भुकटीत सुमारे 26 ग्रॅम प्रथिने, जवळपास तेवढाच स्निग्धांश, 38 ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा आणि 900 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिच्यापासून सुमारे 500 कॅलरी ऊर्जा मिळते. उष्णतेने 'क' जीवनसत्त्व आणि काही 'ब' जीवनसत्त्वे थोडीफार घटतात. मात्र 'क' जीवनसत्त्वासाठी दुधावर कोणी अवलंबून नसतेच. या भुकटीचा दोष वेगळा आहे. तिच्यातील स्निग्धांश काही महिन्यांत खवट होऊ लागतो. स्निग्धांशविरहित भुकटी अधिक काळ टिकते, स्वस्त पडते आणि जहाजातून दूरवरून आणता येते. टोन्ड दुधासाठी हीच भुकटी सोयीची ठरली. तिच्यात 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ उरत नाही, ही मात्र तिची खरी उणीव. म्हणूनच अलीकडच्या वर्षांत टोन्ड दुधात 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे मिसळण्याची मानके देशात ठरवली गेली.

खुरोडी यांचे दुसरे मोठे काम म्हणजे गोरेगावची आरे दुग्ध वसाहत. शहरातील तबेले बाहेर हलवण्यासाठी 1949 मध्ये ती सुरू झाली आणि 1951 मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे 16 हजार म्हशी, ओळीने बांधलेले गोठे, चाऱ्याची कुरणे आणि दूध निर्जंतुक करून बाटल्यांत भरणारी दुग्धशाळा असा तिचा थाट होता. दुधाचे कार्ड आणि केंद्रावरची पहाटेची रांग यांनी मुंबईकरांच्या एका पिढीची सकाळ सुरू होत असे. मेट्रोच्या कारशेडसाठी 2019 मध्ये तिथली झाडे तुटली, तेव्हा आरेचे नाव पुन्हा गाजले. त्या गदारोळात दुधाची आठवण क्वचितच निघाली.

त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईला सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून दूध येत असे. हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढले की ते सगळे घेण्यास मुंबईची योजना असमर्थ ठरे आणि उरलेल्या दुधाचे काय करायचे, हा प्रश्न खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांपुढे उभा राही. परदेशी भुकटीने शहराची गरज भागत असताना गावचे दूध मागे राहावे, हे सहकारी संघाचे व्यवस्थापक वर्गीस कुरियन यांना मान्य नव्हते. दोघांचे संबंध ताणलेलेच राहिले. म्हशीच्या दुधाची भुकटी होणे अशक्य, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ते खोटे ठरवले आणि 31 ऑक्टोबर 1955 रोजी आणंदच्या भुकटी प्रकल्पाचे उद्घाटनही पंडित नेहरू यांनीच केले. शहरातील ग्राहकाचे पोषण खुरोडी यांनी पाहिले, शेतकऱ्याचा दर कुरियन यांनी. खुरोडी यांच्या गणितात ही एक रक्कम मांडायची राहून गेली होती, असेच म्हणावे लागेल.

गंमत अशी की, 1963 चा मॅगसेसे पुरस्कार कुरियन, त्रिभुवनदास पटेल आणि खुरोडी या तिघांना एकत्रितपणे मिळाला. पुढच्याच वर्षी खुरोडी पद्मभूषण झाले. 1970 मध्ये कुरियन यांनी ऑपरेशन फ्लड हाती घेतले. तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाकडून देणगीदाखल 1 लाख 26 हजार टन भुकटी आणि 42 हजार टन बटर ऑइल मिळणार होते. त्यापासून महानगरांत दूध तयार करून विकायचे आणि आलेला पैसा सहकारी संघ उभारण्यासाठी वापरायचा, अशी ती योजना होती. भुकटी आणि पाणी यांची रीत खुरोडी यांचीच. फक्त या वेळी पैसा गावाकडे वळणार होता.

भुकटीचा हा तिढा मराठवाड्यानेही अनुभवला. उदगीरला सरकारी दूध भुकटी प्रकल्प उभा राहिला आणि नंतर बंद पडला. 2018 मध्ये राज्यात भुकटीचे साठे पडून राहिले आणि दुधाचे दर कोसळले, तेव्हा शासनाने शालेय पोषण आहारातून विद्यार्थ्यांना भुकटीची पाकिटे देण्याचा निर्णय घेतला. पोषणाच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण निर्णयामागे मुलांच्या भुकेपेक्षा गोदामातील साठ्याची चिंता अधिक होती, हे लपून राहिले नाही.

आयुष्यभराचा अनुभव खुरोडी यांनी 1974 मध्ये भारतातील दुग्धव्यवसायाचा आढावा घेणाऱ्या इंग्रजी पुस्तकात मांडला. 1 जानेवारी 1983 रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांना 77 वर्षे पूर्ण होणार होती.