ब्राऊनसाहेबांची नळी आणि माझा डबा

माझ्या कॉटखालच्या डब्याला अख्खी विंग भंगार म्हणते. तो ऑसिलोस्कोप आहे! धुळ्यात टीव्ही दुरुस्तीचे दुकान बंद करणाऱ्या एका भाऊंकडून दीड हजारात घेतला आणि पारोळा, एरंडोल करत एसटीत मांडीवर ठेवून जळगावला आणला. चालू केल्यावर कळले, भाऊंनी त्यात आपल्या सोयीने बदल केलाय. टाइमबेसचा स्विच काढून दोनच वेग ठेवलेले. एक टीव्हीच्या लाइनसाठी १५,६२५ हर्ट्झ, दुसरा फ्रेमसाठी ५० हर्ट्झ. माझ्या प्रोजेक्टची एक किलोहर्ट्झची लाट पहिल्यात दिसायची जेमतेम तुकडाभर, आणि दुसऱ्यात वीस लाटांची दाटी. सबमिशन तोंडावर आलेले. पैसे पाण्यात गेले म्हणून मी डबा कॉटखाली सारला.

त्याच आठवड्यात लायब्ररीत कार्ल फर्डिनांड ब्राऊन भेटले. म्हणजे पुस्तकात!

ब्राऊन यांचा जन्म १८५० साली जर्मनीतल्या फुल्डा गावी झाला. १८७२ मध्ये बर्लिनला डॉक्टरेट मिळाली. दोनच वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्यांना दिसले की गॅलेनासारख्या खड्यावर धातूची तार टेकवली की वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते. आपण लॅबमध्ये उडवतो त्या डायोडचा हा पणजोबाच.

१८९७ मध्ये स्ट्रासबर्ग विद्यापीठात त्यांनी काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडला, कॉइलने तो हलवला आणि पडद्यावर उजेडाचा ठिपका नाचवला. ऑसिलोस्कोप आणि जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, दोघांचे मूळ इथे आहे. पण ठिपका फक्त वर-खाली व्हायचा. आडवा वेग नव्हताच! लाट पसरून बघायला ब्राऊन फिरता आरसा वापरत. नळीचे पेटंटही त्यांनी घेतले नाही. ज्याला हवी त्याने बनवावी, सुधारावी. त्यांचे सहायक झेनेक यांनी १८९९ मध्ये ठिपक्याला आडवी चाल दिली. म्हणजे या यंत्रात पहिल्या दोन वर्षांतच दुसऱ्याचा हात लागला होता.

पुढे ब्राऊन बिनतारी संदेशाकडे वळले. ठिणगी थेट अँटेनाला न जोडता वेगळ्या सर्किटमध्ये ठेवून कॉइलने जोडल्यामुळे संदेश दूरवर जाऊ लागले. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळून मिळाले.

शेवट मात्र चटका लावतो. पहिल्या महायुद्धात ते पेटंटच्या खटल्यात साक्ष द्यायला न्यूयॉर्कला गेले आणि युद्धामुळे तिथेच अडकले. घरी परतणे झालेच नाही. १९१८ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपायच्या आधीच, ब्रुकलिनमध्ये त्यांचे निधन झाले.

पुस्तक मिटले आणि माझीच मला लाज वाटली. ज्यांच्याकडे एकही वेग नव्हता त्यांनी आरसा फिरवला, आणि मी दोन वेग असून रुसून बसलो होतो! लॅबच्या सरांना डबा दाखवला. आत हाय व्होल्टेज असते, म्हणून प्लग काढून कपॅसिटर आधी सरांनीच डिस्चार्ज केले. कव्हर उघडले तर काय, भाऊंनी जुन्या स्विचच्या वायरी कापल्याच नव्हत्या! टोकांना स्लीव्ह चढवून, नीट बांधून ठेवल्या होत्या. पुढे कुणाला तरी लागतील म्हणूनच ना?

चार जादा वेगांचा स्विच बसवला. लाट स्थिर उभी राहिली, सबमिशनही झाले. भाऊंचे दोन वेग मी तसेच ठेवलेत. आणि सर्किटचा कागद कव्हरच्या आत चिकटवलाय. माझ्यानंतर जो कोणी हा डबा घेईल, त्याच्यासाठी.