रुग्णाच्या सोबत्यांसाठी निवारा : संत गाडगेबाबा

वणीतील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या नावात तुम्ही गाडगेबाबांचे नाव वाचले आहे. खराटा आणि स्वच्छता या दोन शब्दांत आपण बाबांना बसवून टाकतो. येथे त्यांच्या कार्याची एक वेगळी बाजू पाहावयाची आहे.

वणीसारख्या गावातून गंभीर आजारी लेकरू घेऊन निघालेल्या आईबापांची कल्पना करा. यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर असे करीत ते कधी कधी मुंबई गाठतात. लेकराला रुग्णालयात खाट मिळते. आईबापांना कोठेच जागा नसते. उपचार मोफत झाले तरी निवारा, जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब रुग्णालयाच्या कागदावर येत नाही. पुष्कळदा या खर्चापायीच उपचार अर्धवट राहतात.

हा न लिहिला जाणारा खर्च बाबांना कळला, याचे कारण त्यांच्या जीवनातच शोधावे लागते. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. व्यसनापायी वडील लवकर गेले आणि आई सखूबाई मुलाला घेऊन दापुऱ्यास माहेरी आल्या. परक्या छपराखाली दिवस काढणे म्हणजे काय, हे डेबूजींना ग्रंथातून शिकावे लागले नाही.

1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती गाडगे. कोठे त्यांना गोधडेबुवा म्हणत, कोठे चापरेबुवा; भाषेच्या अभ्यासकाला मौज वाटावी अशी ही नावे, कारण त्यांतील एकही त्यांनी स्वतः घेतलेले नाही. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधविला, अंधपंगूंना जेऊ घातले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या.

त्यांची दान मिळविण्याची रीत लक्षात घ्या. वऱ्हाडी बोलीतील कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवीत. त्यातून जमलेला पैसा बांधकामाकडे आणि विश्वस्तांकडे जाई. आपल्या आप्तांचा या संस्थांवर हक्क राहणार नाही, अशी तजवीज त्यांनी केली. ते स्वतः मागून आणलेली भाकर खात. कुंताबाई ऋणमोचनला झोपडीत राहत.

1923 साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली आणि कीर्तन थांबले नाही, असे चरित्रकार सांगतात. वैराग्याचा आदर्श म्हणून हा प्रसंग सांगण्याची प्रथा आहे. मला तो इतका सरळ वाटत नाही. कुंताबाईंच्या बाजूने तो एकदा वाचून पाहा. स्वतःच्या घरावर छप्पर घालण्याचे नाकारणाऱ्या माणसाने पुढे हजारो परक्या कुटुंबांसाठी छपरे उभारली. ही विसंगती झाकून ठेवली तर चरित्र गुळगुळीत होईल, खरे होणार नाही.

मुंबईचे जे. जे. रुग्णालय 1845 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सुरू झाले होते. रुग्णांसाठी दान देणारे हात शंभर वर्षांपूर्वीच पुढे आले होते. सोबत्यांचा प्रश्न तसाच होता. त्या रुग्णालयाशेजारी बाबांनी 1954 च्या सुमारास रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. यात्रेकरूसाठी वापरला जाणारा 'धर्मशाळा' हा शब्द त्यांनी रुग्णालयाच्या दारी नेला, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण येथे आहे. तीर्थाला येणारा स्वखुशीने येतो. आजारी मूल घेऊन येणाऱ्याला यावेच लागते.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या नावाच्या कार्यकर्त्यांनी दादर येथे धर्मशाळा उभारली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे अल्प मोबदल्यात राहतात. त्यांत विदर्भातून गेलेली लहान मुले असतात, आणि त्यांच्याजवळ त्यांचे आईबापही.