सालामान्काचे गुरुजी: फादर फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया



आजाऱ्याला तैलाभ्यंग देण्यासाठी आम्ही घरी किंवा इस्पितळात जातो, तेव्हा प्रार्थना आटोपल्यावर कुणीतरी आम्हाला जिन्यापाशी गाठते. बहुधा थोरला मुलगा असतो, कधी सून असते. डॉक्टरांनी वडिलांना मशीनवर ठेवायचे सुचवलेले असते. खर्च इतका, की वाडी विकावी लागेल. आणि वडील तर घरी न्या म्हणून हात जोडत असतात. अशा वेळी नाही म्हटले तर आम्हाला पाप लागेल का, असा त्यांचा प्रश्न असतो.

या प्रश्नावर ख्रिस्तसभा आज जी शिकवण देते, ती स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या शिक्षकांपैकी एक होते स्पेनमधले डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया. त्यांनी ती मांडली विद्यापीठातल्या जाहीर व्याख्यानांत, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही त्यांचे नाव परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांची खरी किंमत कळली ती मात्र पुढे, धर्मग्रामात काम करताना, लोकांचे प्रश्न ऐकल्यावर.

त्यांचा जन्म इ. स. १४८३ च्या सुमारास उत्तर स्पेनमध्ये झाला. तरुणपणी बुर्गोस शहरात ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. मुलगा हुशार आहे हे ओळखून वरिष्ठांनी त्यांना पॅरिसला पाठवले. तिथे त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचे ग्रंथ कसून अभ्यासले. १५१२ साली संत थॉमस यांच्या महाग्रंथातला नीतिशास्त्राचा भाग पॅरिसमध्ये छापला गेला, तेव्हा त्या कामाला त्यांचा हातभार होता. १५२२ मध्ये ईशशास्त्राचे डॉक्टर होऊन ते स्पेनला परतले. वायादोलिद येथे तीन वर्षे शिकवल्यावर १५२६ साली सालामान्का विद्यापीठातले ईशशास्त्राचे मुख्य अध्यासन रिकामे झाले. त्या काळी तिथे प्राध्यापकाची निवड उमेदवारांच्या चढाओढीने आणि विद्यार्थ्यांच्या मतांनी होत असे. विद्यार्थ्यांनी व्हिटोरिया यांना निवडले. त्यानंतर ते अखेरपर्यंत सालामान्कातच राहिले.

मुख्य अध्यासनाचा तास भल्या सकाळी असे. तिथे व्हिटोरिया यांनी जुने पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून संत थॉमस यांचा ग्रंथ शिकवायला घेतला आणि विद्यार्थ्यांना टिपणे घेता येतील अशा संथ गतीने बोलण्याची पद्धत रूढ केली. हा बदल लहान वाटेल, पण पुढे त्यांचे विचार वाचले ते याच टिपणांमुळे, कारण त्यांनी स्वतः आपली व्याख्याने कधी छापली नाहीत.

रोजच्या तासांखेरीज प्रत्येक प्राध्यापकाला वर्षातून एकदा साऱ्या विद्यापीठासमोर जाहीर व्याख्यान द्यावे लागे. इतर विषयांचे अध्यापक, कायद्याचे विद्यार्थी, मठवासी, सगळे ऐकायला बसत. साधारण दोन तास एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा, अशी रीत होती. पुष्कळांना ही कटकट वाटे. व्हिटोरिया यांनी मात्र त्या दिवसाचे सोने केले. राज्यसत्ता, विवाह, मनुष्यहत्या, पैसे देऊन धर्मपद मिळवणे, आहारातला संयम, जादूटोणा, युद्ध असे विषय त्यांनी घेतले. त्यांची अशी तेरा व्याख्याने आज उपलब्ध आहेत. लोक ज्यावर रात्री अंथरुणात विचार करतात, तेच प्रश्न त्यांनी विद्यापीठाच्या व्यासपीठावर आणले.

आजाऱ्याचा प्रश्न मनुष्यहत्या आणि संयम या दोन व्याख्यानांत येतो. आत्महत्या पाप आहे, जीव ही परमेश्वराची देणगी आहे, हे मान्य करून ते पुढे विचारतात: मग जीव वाचवण्यासाठी माणसाने काय काय करायला बांधलेले असावे? त्यांचे उत्तर असे. माणसे साधारणपणे जे खातात ते खाणे पुरेसे आहे. कोंबडी खाल्लीस तर आणखी वीस वर्षे जगशील असे वैद्याने सांगितले आणि कोंबडी विकत घ्यायची ऐपतही असली, तरी ती खाल्लीच पाहिजे असे बंधन नाही. आजारी माणूस इतका खचला असेल की घास गिळणे म्हणजे यातना, तर त्याने अन्न नाकारल्यास ते प्राणघातक पाप ठरत नाही. औषधाचेही तसेच. गुण हमखास येणार असेल तर औषध टाळणे योग्य नव्हे. पण आयुष्य लांबवण्यासाठी घरदार विकून सर्वात महागडा उपाय करायलाच हवा, असे देव मागत नाही. आपल्या हाताने जीव घेणे वेगळे आणि शक्य असलेला प्रत्येक उपाय न करणे वेगळे.

हा भेद पुढच्या नीतिशास्त्रज्ञांनी उचलला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांच्यापुढे भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी कृत्रिम श्वसनयंत्राचा प्रश्न मांडला, तेव्हा पोपमहाशयांनी याच वाटेने उत्तर दिले: रुग्णावर वा दुसऱ्यावर फार मोठा बोजा पडणार नाही अशा साधारण उपायांचेच आपल्यावर बंधन आहे, आणि काळ, स्थळ व व्यक्ती पाहून ते ठरवायचे असते.

व्हिटोरिया यांचे नाव जगभर झाले ते मात्र दुसऱ्या प्रश्नामुळे. पेरू देशात पिझारोच्या सैनिकांनी १५३२ साली राजा अताहुआल्पा याला कैद केले, सुटकेसाठी खोलीभर सोने घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला ठार मारले. ते सोने घेऊन परतलेली माणसे स्पेनमध्ये धर्मगुरूंकडे सल्ल्याला येऊ लागली. लूट ठेवावी की परत करावी? काही जण आपल्याला हवे ते उत्तर मिळेपर्यंत एका धर्मगुरूकडून दुसऱ्याकडे फिरत. १५३४ साली आपल्या संघातील फादर मिगेल दे आर्कोस यांना लिहिलेल्या पत्रात व्हिटोरिया यांनी आपली अस्वस्थता सांगितली. हा विषय कानावर आला तरी आपले रक्त गोठते, असा त्यांचा सूर आहे. अताहुआल्पाने किंवा त्याच्या लोकांनी ख्रिस्ती माणसांचा काही अपराध केल्याचे खुद्द सैनिकांच्या तोंडूनही आपण ऐकलेले नाही, असे ते सांगतात. तोलेदोच्या आर्चबिशपचे पद देऊ केले, तरी या लोकांना निर्दोष म्हणण्याचे धाडस आपल्याच्याने होणार नाही, असेही त्यांनी कळवले.

हे सारे आपल्याला दूरचे वाटायला नको. त्याच १५३४ सालच्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. परक्या राजाला आमच्या जमिनीवर हक्क कुठून मिळाला, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला असेलच.

जानेवारी १५३९ मध्ये व्हिटोरिया या प्रश्नावर जाहीरपणे बोलले. स्पेनची बाजू मांडणारी एकेक कारणे त्यांनी हातात घेतली आणि एकेक बाजूला ठेवली. अमेरिकेतले मूळ रहिवासी आपल्या भूमीचे खरे मालक आहेत, कारण पापामुळे किंवा श्रद्धा नसल्यामुळे कुणाची मालकी जात नाही. सम्राट साऱ्या जगाचा धनी नाही. त्या लोकांवर पोपमहाशयांचीही ऐहिक सत्ता नाही. आम्ही देश शोधून काढला म्हणून तो आमचा होत नाही. त्यांनी आमचा देश शोधला असता तर तो त्यांचा झाला असता काय? आणि सुवार्ता नाकारली म्हणून युद्ध करता येत नाही, कारण श्रद्धा ही जबरदस्तीची गोष्ट नाही. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी युद्धाच्या नीतीवर दुसरे व्याख्यान दिले.

नोव्हेंबरात सम्राट पाचवा चार्ल्स याचे पत्र मठाच्या वरिष्ठांना आले. या विषयावरची चर्चा थांबवा आणि जी टिपणे असतील ती गोळा करून पाठवा, असा हुकूम होता. पण थोड्याच काळाने त्याच सम्राटाने अमेरिकेतल्या लोकांच्या बाप्तिस्म्याविषयी सालामान्काच्या ईशशास्त्रज्ञांचा सल्ला मागितला. नीट शिकवण दिल्याशिवाय बाप्तिस्मा देऊ नये, असा सल्ला त्यांनी १५४१ साली दिला.

आम्ही त्यांना निर्दोष ठरवत नाही. त्याच व्याख्यानाच्या पुढच्या भागात त्यांनी प्रवास, व्यापार आणि सुवार्ताप्रसार यांचा हक्क अडवला गेल्यास युद्ध न्याय्य ठरू शकते, असेही म्हटले. जिंकणाऱ्यांना हे दार सोयीचे होते. पोर्तुगीजांनी आणलेल्या गुलामांबद्दल विचारले गेले, तेव्हाही त्यांचे उत्तर पेरूच्या वेळेइतके ठाम नव्हते. दूरचा अन्याय दिसतो आणि शेजारचा निसटतो, असे मोठ्या माणसांचेही होते.

शेवटची वर्षे त्यांनी दुखण्यात काढली. संधिवाताने पाय गेले, तेव्हा त्यांना खुर्चीवरून उचलून वर्गात आणावे लागे. त्रेंतच्या धर्मपरिषदेचे बोलावणे आले, पण प्रकृतीमुळे जाता आले नाही. १२ ऑगस्ट १५४६ रोजी सालामान्का येथे त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून त्यांची व्याख्याने १५५७ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात छापली गेली. आज आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जनकांत त्यांची गणना होते, आणि जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत एका सभागृहाला त्यांचे नाव आहे.

बंधू-भगिनींनो, व्हिटोरिया यांनी कुणाला तयार उत्तर देऊन वाटेला लावले नाही. त्यांनी प्रश्न पूर्ण ऐकला, दोन्ही बाजू मांडल्या, मग निर्णय दिला, मग तो सम्राटाला आवडो वा न आवडो. ज्यांच्या घरी आज आजारपण आहे त्यांनी जिन्यापाशी घाईत विचारू नये. डॉक्टर काय म्हणतात, खर्च किती, आणि मुख्य म्हणजे आजारी माणसाला स्वतःला काय हवे आहे, हे घरच्या सर्वांनी एकत्र बसून बोलावे. आम्हाला बोलावलेत तर आम्हीही येऊन बसू.