अरण्याने शिकविलेले मौन

आश्विन वद्य पंचमी ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. खंजिरीच्या ठेक्यावर हजारोंना डोलविणारे महाराज सर्वांना ठाऊक आहेत. तेच महाराज क्षुब्ध मनाला निवविण्याची विद्याही शिकवीत, हे मात्र फारसे बोलले जात नाही.

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे दरिद्री घरात जन्मलेला माणिक शाळेत रमला नाही. वरखेडचे अडकोजी महाराज हे त्याचे गुरू. तेही बालपणीच अंतरले. व्याकुळ झालेला हा मुलगा पुढे घर सोडून अरण्यात शिरला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर परिसरात रामदिघी आणि गोंदोडा ही त्याची तपोभूमी. (गडचिरोलीचा वनप्रदेशही १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होता.) श्वापदांचे ते रान! तेथे भय आवरले नाही तर राहणेच अशक्य. भजन, ध्यान आणि मौन हेच त्याचे सोबती झाले.

या साधनेची कसोटी १९४२ च्या ऑगस्टात लागली. महाराजांच्या भजनांनी चेतलेल्या चिमुरात १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, रक्त सांडले. मागाहून आलेल्या लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अनन्वित अत्याचार केले. महाराजांनाही अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. डिसेंबरात ते सुटले. मने होरपळलेली होती. केवळ उपदेशाने ती थोडीच शांत होतात?

महाराजांनी गावोगाव रुजविली ती पहाटेची सामुदायिक ध्यानाची आणि सायंकाळच्या प्रार्थनेची प्रथा. रांगेत ताठ बसावे, सर्वांनी एका सुरात म्हणावे, मग काही काळ निःशब्द राहावे. दीर्घ स्वराने श्वास आपोआप लांबतो, ठेक्याने चित्त एका जागी येते. हट्टाने रडणाऱ्या मुलाला नुसते गप्प बस म्हटल्याने ते गप्प होत नाही. शेजारी आई शांत बसली की तेही हळूहळू निवते. लहानथोरांना एकत्र बसविण्यातील मर्म, आमच्या मते, हेच होय. १९५५ च्या ‘ग्रामगीते’तही सामुदायिक प्रार्थनेला महाराजांनी मानाचे स्थान दिले.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात महाराज निवर्तले. पुण्यतिथीस तेथे लाखोंचा मेळा भरतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या क्षणी, भजनांचा गजर थांबतो आणि कडेवरच्या लेकरांसह तो अफाट जनसागर स्तब्ध होतो.